२४ अंशांवरची शस्त्रक्रिया : पुण्यातील एका हृदयशस्त्रक्रिया विभागाच्या सेवेविषयी

माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, छातीतील महाधमनीवर गेल्या हिवाळ्यात पुण्यातील एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तीत त्याचे शरीर २४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करण्यात आले आणि मेंदू वगळता उर्वरित शरीराचा रक्तपुरवठा २६ मिनिटे थांबवण्यात आला. रुग्णालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण अशी सेवा देणारी रुग्णालये आपल्या राज्यात अनेक आहेत आणि नातेवाइकांनी विचारायचे प्रश्न सगळीकडे तेच आहेत. मी निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक आहे, वैद्यकीय तज्ज्ञ नाही. तरीही उष्णता कशी वाहते एवढे मला कळते, आणि या सेवेतील बराचसा भाग उष्णतेच्या वहनाचाच असल्यामुळे मला जे दिसले ते सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले.

दादा ६३ वर्षांचा. सारी नोकरी एसटीच्या मिरज आगारात मेकॅनिक म्हणून झाली. हर्नियाच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी केलेल्या टूडी इकोमध्ये महाधमनी फुगल्याचे दिसले आणि सीटी स्कॅनमध्ये तो फुगवटा ५.८ सेंमी भरला. साधारण ५.५ सेंमीच्या पुढे धमनी फाटण्याचा किंवा तिचे थर सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेच्या धोक्याहून मोठा मानला जातो. दादाला दुखत काहीच नव्हते, त्यामुळे त्याची समजूत घालण्यात आमचे दोन आठवडे गेले.

पुण्यातील पहिल्या भेटीविषयी मला मनापासून चांगले लिहायचे आहे. शल्यचिकित्सकांनी कोऱ्या कागदावर महाधमनीची कमान काढली आणि तिच्यातून डोक्याकडे व हातांकडे जाणाऱ्या तीन फांद्या दाखवल्या. फुगवटा कमानीच्या तोंडापर्यंत पोहोचला असल्यामुळे तेथे चिमटा लावून एका बाजूला रक्त चालू ठेवता येणार नव्हते. जेथे चिमटा लावायचा तीच जागा कापून तेथे डेक्रॉनची, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या कापडाची, नळी शिवायची होती. म्हणजे टाके घालताना धमनीचे तोंड उघडे राहणार आणि तेवढा वेळ तिच्यातून रक्त वाहू शकणार नाही. नेहमीच्या ३७ अंशांवर मेंदू रक्ताविना जेमतेम ५ मिनिटे तग धरतो, आणि शिवणीला २० ते ३० मिनिटे लागतात. ही तफावत कशी भरून काढायची, हाच या सेवेचा गाभा आहे, आणि तो त्यांनी दादाला समजेल अशा मराठीत, घाई न करता सांगितला.

थंडीमुळे मेंदूची प्राणवायूची गरज उतरते. दर अंशामागे साधारण ६ ते ७ टक्के. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी १९९९ मध्ये रुग्णांवर प्रत्यक्ष मोजमाप करून जो अंदाज मांडला, त्यानुसार २५ अंशांवर ही गरज मूळच्या सुमारे ३७ टक्के उरते आणि रक्त थांबवण्यास सुरक्षित असा काळ सुमारे १४ मिनिटांचा होतो. १५ अंशांवर गरज १६ टक्क्यांवर येते आणि तो काळ सुमारे ३१ मिनिटांपर्यंत वाढतो. घरी आल्यावर मी या आकड्यांचा आलेख काढून पाहिला. तापमान १० अंशांनी उतरले की गरज सुमारे २.३ पटीने घटते, असे त्यातून निघते. मात्र या आकड्यांतून दुसरीही गोष्ट दिसते, जी नातेवाइकांच्या लक्षात सहसा येत नाही : थंडीने मेंदूची गरज कमी होते, शून्य होत नाही. घड्याळ सावकाश चालते, पण चालत राहते.

म्हणूनच आमच्यापुढे दोन पर्याय ठेवण्यात आले. पहिला म्हणजे १८ अंशांपर्यंत खोल थंड करून सर्वच शरीराचे रक्ताभिसरण थांबवणे. अमेरिकेतील रँडल ग्रीप यांनी १९७५ मध्ये कमानीच्या फुगवट्यांवरील शस्त्रक्रिया याच रीतीने यशस्वी केल्याचे प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून ही रीत रूढ झाली. दुसरा पर्याय म्हणजे शरीर २४-२५ अंशांपर्यंतच थंड करायचे आणि मेंदूला मात्र वेगळ्या नळीने थंड रक्त सतत पुरवत राहायचे. जपानमधील तेरुहिसा काझुई यांच्या कामामुळे ही रीत विशेष पुढे आली. तीत दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे १० मिलिलिटर रक्त मेंदूकडे सोडले जाते. दादाचे वजन ६८ किलो असल्याने हे प्रमाण मिनिटाला ६८० मिलिलिटरच्या आसपास येते. आमच्या शल्यचिकित्सकांनी दुसरा पर्याय सुचवला. खूप खोल थंड केल्यास थंड होण्यात आणि पुन्हा ऊब येण्यात वेळ अधिक जातो, रक्त गोठण्याची क्रिया अधिक बिघडते, आणि शिवण अपेक्षेपेक्षा लांबली तर मेंदूला हाताशी काहीच उरत नाही, अशी कारणे त्यांनी दिली.

रक्त उजव्या काखेजवळच्या धमनीतून वर सोडायचे होते. तेथून ते मेंदूच्या उजव्या बाजूला थेट पोहोचते. डाव्या बाजूला मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या वर्तुळातून, ज्याला विलिसचे वर्तुळ म्हणतात, जावे लागते. हे वर्तुळ सर्वच माणसांत पूर्ण जुळलेले नसते. आमच्याकडे त्याचा स्कॅन आधीच करून घेण्यात आला आणि ते पूर्ण असल्याचे आम्हाला चित्रावर दाखवण्यात आले. डाव्या बाजूचा पुरवठा अपुरा वाटलाच तर दुसरी नळी डाव्या मानेच्या धमनीत घालण्याची तयारी आहे, हेही सांगितले. विभागाची काळजी मला सर्वांत आधी येथे जाणवली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी परफ्युजनिस्ट, म्हणजे हृदय-फुप्फुस यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ, दादाला भेटायला आल्या. बहुतेक नातेवाइकांना या व्यक्तीचे अस्तित्वही ठाऊक नसते, आणि खरे तर थंड करणे व ऊब देणे हे काम तिच्याच हातात असते. शरीरातून काढलेले रक्त उष्णता-विनिमयकात येते, तेथे धातूच्या पातळ भिंतीच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने थंड किंवा गरम पाणी वाहते, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, आणि पाण्याचे तापमान बदलून रक्ताचे तापमान बदलता येते, असे त्यांनी सांगितले. दादा लगेच म्हणाला, “म्हणजे मॅडम, आमच्या गाडीचा रेडिएटरच की हा!” त्या हसून म्हणाल्या, “अगदी तोच, काका. फक्त आमची गाडी गरम करून पुन्हा चालू करावी लागते.” शस्त्रक्रिया ठरल्यापासून दादाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मोकळेपणा दिसला. त्याला भीती अज्ञात गोष्टीची वाटत होती, आणि रेडिएटर त्याच्या ओळखीचा होता.

पाणी थंड-गरम करणाऱ्या यंत्राविषयी मी एक प्रश्न मुद्दाम विचारला. युरोपात २०१५ च्या सुमारास असे लक्षात आले होते की, या यंत्रांच्या पाण्याच्या टाकीत मायकोबॅक्टेरियम कायमेरा नावाचा जंतू वाढू शकतो आणि यंत्राच्या पंख्याने उडालेल्या सूक्ष्म तुषारांबरोबर तो उघड्या छातीपर्यंत पोहोचू शकतो. संसर्ग दिसून यायला कित्येक महिने, कधी वर्षे लागतात. आमच्या विभागात यंत्राचा पंखा टेबलाच्या विरुद्ध दिशेला वळवून ते शक्य तितके दूर ठेवतात, आणि टाकीच्या निर्जंतुकीकरणाची नोंदवही त्यांनी मला आणून दाखवली. कोणीही प्रश्नाचा राग मानला नाही. नातेवाइकाने नोंदवही मागितली म्हणून कपाळावर आठी न पडणे, हे मी सेवेच्या गुणांतच धरतो.

या रीतीचा उगम किती साध्या साधनांतून झाला हे येथे थोडक्यात सांगावेसे वाटते. टोरांटोतील विल्फ्रेड बिगेलो यांनी शरीर थंड केल्यास हृदयावर काम करण्यास वेळ मिळेल ही कल्पना प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडली. पुढे २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला थंड आवरणात गुंडाळून २८ अंशांपर्यंत आणले, हृदयाकडे येणारे रक्त सुमारे साडेपाच मिनिटे अडवले आणि तेवढ्या वेळात तिच्या हृदयातील छिद्र शिवले. मग तिला कोमट पाण्यात ठेवून ऊब दिली. हृदय-फुप्फुस यंत्राचा पहिला यशस्वी वापर त्यानंतर, मे १९५३ मध्ये झाला. सैबेरियातील नोवोसिबिर्स्क येथे तर यंत्राविना, रुग्णाला बर्फाने वेढून हृदयशस्त्रक्रिया करण्याची परंपरा पुढे कित्येक वर्षे टिकली.

शस्त्रक्रियेच्या दिवसाविषयी माझी तक्रार आहे. दादाला सकाळी साडेसातला आत नेले आणि शल्यचिकित्सक बाहेर आले तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. या साऱ्या वेळात आम्हाला एकदाच, साडेअकराच्या सुमारास, “सुरू आहे” एवढे सांगण्यात आले. वहिनी देवाचे नाव घेत बसून होती. दारातून कोणीही बाहेर आले की उठून उभी राहत होती. शरीर थंड झाले, कमानीची शिवण पूर्ण झाली, ऊब देणे सुरू झाले, यंत्र काढले, असे चार टप्पे या शस्त्रक्रियेत स्वाभाविकपणेच आहेत; प्रत्येक टप्प्याला एक वाक्य बाहेर पाठवणे कोणत्याही विभागाला जड नाही. आत इतके मोजूनमापून काम करणाऱ्यांनी बाहेरच्या माणसांना असे अधांतरी ठेवावे, याचे मला आजही वाईट वाटते.

आतले काम कसे झाले हे मला चार दिवसांनी कळले. मी विनंती केल्यावर परफ्युजनिस्टनी यंत्राच्या नोंदींचा तक्ता समोर ठेवून तो मला वाचून दाखवला. नाकाच्या मागच्या बाजूला आणि मूत्राशयात असे दोन ठिकाणी तापमान मोजले होते. नाकामागचे तापमान मेंदूच्या जवळचे आणि मूत्राशयातले शरीराच्या गाभ्याचे मानतात. रक्त भरपूर पोहोचते तेथे थंडी लवकर पोहोचते, म्हणून पहिली रेषा दुसरीच्या पुढे धावते आणि दोन्ही जुळेपर्यंत थांबावे लागते. दादाला २४ अंशांवर आणायला ३८ मिनिटे लागली. त्याच वेळी डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्याही ठेवल्या होत्या. त्यानंतरच्या २६ मिनिटांत मेंदूचा पुरवठा चालू असताना उजव्या हाताच्या धमनीतील दाब पाऱ्याच्या ४० ते ६० मिलिमीटरच्या पट्ट्यात ठेवला होता. कपाळाच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या पट्ट्या अवरक्त प्रकाशाने मेंदूच्या वरच्या थरातील प्राणवायू मोजतात. मूळ आकड्यापेक्षा तो २० टक्क्यांनी घसरला तर सावध व्हायचे असते. दादाच्या डाव्या बाजूचा आकडा ६४ वरून ५६ पर्यंत उतरला, तेव्हा प्रवाह थोडा वाढवल्याची नोंद वेळेसह केलेली होती. मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या तपासल्या आहेत; इतकी प्रामाणिक वही क्वचित पाहिली.

तक्त्यातील सर्वांत लांब भाग मात्र ऊब देण्याचा होता : तब्बल ८४ मिनिटे. मला आधी वाटत होते की कसोटी थंड करण्यात असते. त्यांनी माझा समज बदलला. थंड रक्तात वायू अधिक विरघळतो, आणि असे रक्त घाईने तापवले तर त्यातून बुडबुडे सुटू शकतात; गार सोड्याची बाटली उन्हात ठेवल्यावर काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे, येथे तो बुडबुडा मेंदूच्या बारीक धमनीत जाऊ शकतो. म्हणून शरीरातून येणारे रक्त आणि यंत्रातून परत जाणारे रक्त यांच्या तापमानातील फरक १० अंशांच्या आत ठेवायचा, ३० अंशांच्या पुढे गेल्यावर तो ४ अंशांपर्यंत आणायचा आणि तापमान मिनिटाला अर्ध्या अंशापेक्षा वेगाने वाढू द्यायचे नाही, असे नियम आहेत. दुसरा धोका याहूनही सूक्ष्म आहे. यंत्रातून निघालेले गरम रक्त मेंदूकडे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त पोहोचते, आणि नाकामागचा तापमापक मेंदूचे खरे तापमान थोडे कमीच दाखवतो. त्यामुळे तापमापकावर ३७ दिसेपर्यंत ताणले, तर मेंदू प्रत्यक्षात तापलेला असू शकतो. थंडीने वाचवलेला मेंदू अशा तापाने दुखावतो. म्हणून यंत्रातून जाणाऱ्या रक्ताचे तापमान ३७ च्या वर कधीच जाऊ द्यायचे नाही. दादाच्या तक्त्यात ते एकदाही ३६.८ च्या पुढे गेलेले नव्हते. शस्त्रक्रियागृहात तास वाया जातो आहे असे सर्वांनाच वाटत असते, आणि तशा वेळी ८४ मिनिटे हात आवरून धरणे हे मला साऱ्या सेवेतील सर्वांत कौतुकास्पद काम वाटले.

अतिदक्षता विभागात पहिल्या रात्री रक्तस्राव अपेक्षेपेक्षा जास्त झाला. थंडीने रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, मंदावतात आणि यंत्रातून फिरताना रक्त गोठवणारे घटकही खर्ची पडतात. त्यामुळे रक्तबिंबिका आणि प्लाझ्मा द्यावा लागला. याची कल्पना आम्हाला आधी दिलेली असल्याने गावाकडून आलेले चार रक्तदाते तयार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने डोळे उघडले, दोन्ही हातांच्या मुठी वळल्या, पाय हलवले, वहिनीकडे पाहून मान हलवली. सिस्टरनी हे सारे एकेक करून तपासले आणि आमच्यासमोर लिहून घेतले.

तिसऱ्या रात्री मात्र दादा भ्रमात गेला. आपण मिरज आगाराच्या पिटमध्ये आहोत असे समजून तो १७ नंबरचा पाना मागू लागला, छातीच्या नळ्या ओढू लागला, आणि मला त्याने ओळखले नाही. मोठ्या हृदयशस्त्रक्रियेनंतर असा भ्रम पुष्कळ रुग्णांना होतो, झोपमोड, औषधे, वेदना, वय अशी त्याची अनेक कारणे असतात आणि बहुधा काही दिवसांत तो ओसरतो, हे आम्हाला नंतर सांगण्यात आले. आधी कोणीही सांगितले नव्हते. ज्याच्या मेंदूचा पुरवठा वेगळ्या नळीवर ठेवला होता त्या माणसाने आपल्याला ओळखू नये, याचा अर्थ नातेवाईक एकच लावतात, आणि ती रात्र आम्ही तो अर्थ मनात धरून काढली. विभागाची ही उणीव मी गंभीर मानतो. रात्रीच्या सिस्टरनी मात्र दादाचा चष्मा आणून त्याच्या डोळ्यांवर ठेवला, घड्याळ समोर टांगले, आणि वहिनीला त्याच्याशी गावाकडचे बोलत राहायला सांगितले. पाचव्या दिवशी तो पूर्ण भानावर आला.

येथेच आणखी एक उणीव नोंदवतो. मेंदू राखण्यासाठी एवढा खटाटोप केल्यावर स्मरणशक्ती आणि एकाग्रता यांची साधी चाचणी शस्त्रक्रियेपूर्वी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा घ्यायला हवी होती. तशी पद्धत तेथे नव्हती. हात-पाय हलले म्हणजे मेंदू सुखरूप, एवढ्यावर समाधान मानू नये असे मला वाटते. दादा आता पूर्वीसारखाच हिशेब करतो, फक्त सुरुवातीचे दोन महिने नावे आठवायला त्याला वेळ लागत असे. हे आमचे घरचे निरीक्षण, मोजमाप नव्हे.

दादाची हकिकत ऐकून आमच्या एका शेजाऱ्यांनी विचारले की, त्यांच्या मेहुणीच्या मेंदूतील धमनीच्या फुगवट्यावर शस्त्रक्रिया ठरली आहे, तर डॉक्टरांकडे थंड करण्याचा आग्रह धरावा का. असा आग्रह धरू नये. नेमक्या याच प्रश्नावर सुमारे १००० रुग्णांची एक मोठी चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली : फुगवटा फुटून रक्तस्राव झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी ३३ अंशांपर्यंत थंड केले, तरी नेहमीचे तापमान राखलेल्या रुग्णांपेक्षा त्यांची प्रकृती तीन महिन्यांनी अधिक चांगली आढळली नाही, उलट रक्तात जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण थोडे जास्तच निघाले. कमानीच्या शस्त्रक्रियेत रक्तपुरवठा थांबणार किंवा घटणार हे आधीच ठाऊक असते आणि त्याआधीच थंडी पोहोचवता येते, म्हणून तेथे ती उपयोगी पडते. मेंदूचे काम म्हटले की बर्फ, असे समीकरण नाही.

खर्चाविषयी थोडक्यात. अंदाजपत्रक साडेसात लाखांचे होते आणि अंतिम बिल नऊ लाखांच्या थोडे पुढे गेले. वाढ मुख्यतः रक्तघटक आणि अतिदक्षता विभागातील दोन जादा दिवसांची होती, आणि प्रत्येक रकमेचा तपशील मागताच मिळाला. संमतीपत्र मात्र संपूर्ण इंग्रजीत होते. तोंडी इतके सुंदर मराठीत समजावणाऱ्या विभागाने सहीचा कागद मराठीत का ठेवू नये, हे मी तेथे लेखी विचारून आलो आहे. उत्तर अजून आलेले नाही.

अशी शस्त्रक्रिया करायची झाल्यास मी पुन्हा याच विभागात जाईन आणि इतरांनाही पाठवीन. जाताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात : किती अंशांपर्यंत थंड करणार आणि मेंदूला रक्त कोठून देणार, डाव्या बाजूची खात्री कशी केली, ऊब देण्याची मर्यादा काय ठेवता, आणि पाण्याच्या यंत्राची नोंदवही दाखवाल का. डिस्चार्जच्या वेळी परफ्युजनच्या तक्त्याची प्रत मागावी. कागदांच्या गठ्ठ्यात ती आपोआप येत नाही. दादाच्या फायलीत ती सीटीच्या अहवालाखाली लावलेली आहे, आणि पुढचा सीटी येत्या डिसेंबरात आहे.